उजवीकडची वायर: गिटारच्या आवाजाला दोन बाजू कशा आल्या

आजची गोष्ट एका वायरीची आहे. ती नीट कळायची तर शंभर वर्षं मागे जावं लागेल. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो, कारण ती झाली नसती तर मी या विषयाच्या वाटेला गेलोच नसतो.

दोन वर्षांपूर्वीचा गणेशोत्सव. आमच्या इंदुरातल्या एका मंडळात वाद्यसंगीताचा कार्यक्रम होता. ज्यांनी मला गिटार शिकवली ते सर पहिल्या रांगेत बसले होते. ऐंशी पार केलेले, काठी टेकत आलेले. त्यांनी पन्नासेक वर्षांपूर्वी हवाइयन गिटारवर बसवलेलं एक जुनं चित्रपटगीत मी त्यांच्यासमोर वाजवणार होतो. माझ्याकडे गिटार, पायाशी इफेक्ट्सचा प्रोसेसर आणि कानात हेडफोन. प्रोसेसरमध्ये मी महिनाभर खपून एक आवाज तयार केला होता. मुखडा डाव्या बाजूने यायचा आणि अंतरा उजव्या बाजूने, जणू दोन वादक समोरासमोर बसून बोलताहेत. घरी हेडफोनवर ऐकताना मला माझंच कौतुक वाटायचं.

ठरल्याप्रमाणे दोन स्पीकर यायचे होते. आला एकच. दुसरा शेजारच्या वस्तीतल्या आरतीला गेला होता. साउंडवाले काका म्हणाले, "भाऊ, एकच आहे. कुठली वायर लावू?" मी गडबडीत म्हणालो, "डावी लावा." त्यांनी डावी वायर स्पीकरला लावली. उजव्या वायरीचं एक टोक माझ्या प्रोसेसरमध्ये तसंच राहिलं आणि दुसरं स्टेजमागे लोंबकळत राहिलं.

मी वाजवलं. माझ्या कानात सगळं छान येत होतं. संपल्यावर टाळ्याही पडल्या, जरा बेतानेच. मी खाली येऊन सरांच्या पाया पडलो. ते हळूच म्हणाले, "मुखडा बरा झाला. पण अंतरा का गाळलास रे?"

मी गाळला नव्हता. मी तो प्रत्येक वेळी मन लावून वाजवला होता. समोरच्या दोनशे माणसांनी मात्र त्या वेळात फक्त तबला आणि मागचा की-बोर्ड ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी मी प्रोसेसर उलटा करून त्याची मागची पाटी वाचली. दोन भोकं होती. एकावर 'राइट' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'लेफ्ट', तिरपी रेघ आणि 'मोनो'. ती तिरपी रेघ मी दहा वर्षं बघत होतो. ती तिथे का आहे हे कधी विचारलं नव्हतं.

तर आता मागे जाऊ.

१९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी एका नव्या लाउडस्पीकरची माहिती प्रसिद्ध केली. कागदाचा शंकू, त्याच्या मुळाशी तारेचं वेटोळं, भोवती चुंबक. वेटोळ्यातून वीज खेळली की शंकू पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो. आज तुमच्या टीव्हीत, रिक्षात किंवा लग्नाच्या मंडपात जो स्पीकर वाजतो तो बहुतेक याच घराण्यातला असतो. या शोधामुळे रेडिओ घरभर जास्त नीट ऐकू जाऊ लागला.

त्याच सुमारास गिटारवाल्यांचं दुखणं असं होतं की त्यांचं कुणाला ऐकूच जात नसे. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रमच्या गर्दीत लाकडी गिटार म्हणजे बाजारात कुजबुजणं. अमेरिकेत तेव्हा हवाइयन संगीताची लाट होती. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची, असं ते वाजवणं. म्हणूनच विजेवर चालणारी आणि बाजारात नीट खपलेली पहिली गिटार आडवी हवाइयन निघाली. जॉर्ज बोशँपच्या कल्पनेतून आलेलं आणि १९३२ पासून रिकनबॅकरच्या कारखान्यातून विकलं गेलेलं ते वाद्य ॲल्युमिनियमचं होतं. गोल पोट आणि लांब दांडा, म्हणून लोकांनी त्याला 'फ्राइंग पॅन' हे नाव पाडलं.

वाद्याला आता पेटी लागणार हे उघडच होतं. पेटी म्हणजे रेडिओचीच भावंड. तेच वाल्व्ह, तोच कागदी शंकू. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी लिओ फेंडरने १९३८ मध्ये दुकान टाकलं ते रेडिओ दुरुस्तीचं. गिटार आणि तिचे ॲम्प्लिफायर पुढे त्यातूनच निघाले. स्वतः फेंडरला गिटार वाजवता येत नसे, हे सांगितलं की माझे विद्यार्थी हसतात.

आपल्याकडे ही हवाइयन गिटार भलतीच रुजली. व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी चित्रपटगीतांच्या सुरावटी विजेच्या हवाइयन गिटारवर वाजवल्या आणि त्या तबकड्या घरोघरी गेल्या. आमच्या सरांनी त्याच ऐकून हात बसवला. त्यांच्याकडे ॲम्प्लिफायर घ्यायला पैसे नव्हते. वाल्व्हच्या जुन्या रेडिओला मागे ग्रामोफोन जोडायची सोय असे. सरांनी गिटारची वायर तिथे खुपसली. "बाबा बातम्या ऐकून बाहेर पडले की रेडिओ माझा," असं ते सांगतात. (आज कुणी हा प्रयोग करू नका. त्यातल्या काही रेडिओंच्या आतल्या पत्र्यावर मेनचा करंट खेळत असे. सरांना त्याचे झटकेही आठवतात.)

इथे थोडं थांबा. एक वाद्य, एक वायर, आणि आतच ॲम्प्लिफायर असलेली एक पेटी. आज ज्याला आपण 'पॉवर्ड स्पीकर' म्हणतो त्याची रचना हीच आहे. सरांनी साठच्या दशकात जे केलं तेच मी त्या दिवशी मंडपात करत होतो. मग त्यांचा अंतरा ऐकू यायचा आणि माझा का गेला?

याचं कारण मधल्या काळात दोन बदल झाले. पहिला बदल स्पीकरच्या प्रामाणिकपणाशी जोडलेला आहे, आणि मला विचाराल तर सगळ्या गोष्टीतला हाच गमतीचा भाग.

गिटारचा स्पीकर कधीच प्रामाणिक नव्हता. बारा इंची कागदाचा शंकू साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर दमतो, आणि त्यापुढचा आवाज झपाट्याने पडत जातो. माणसाचा तरुण कान वीस हजारांपर्यंत ऐकतो. म्हणजे वरचा मोठा पट्टा ही पेटी गिळून टाकते. घरात गाणी ऐकायला असा स्पीकर आणलात तर दुकानदाराशी भांडाल. गिटारवाल्यांनी मात्र त्याच्यावर प्रेम केलं, कारण त्यांनी दुसरा एक उद्योग सुरू केला होता. ते ॲम्प्लिफायर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त रेटत होते. रेटला की आवाज फाटतो, आणि फाटलेल्या आवाजात वरच्या पट्टीची चिरचिर भरपूर असते. दमलेला शंकू ती चिरचिर अडवतो आणि खाली उरतो तो भरदार, गुरगुरता आवाज. रॉक संगीताचा म्हणून जो आवाज आपण ओळखतो, त्यातला अर्धा या अडवण्यातून आलाय.

लंडनजवळ हॅनवेलमध्ये जिम मार्शल नावाच्या ड्रमवाल्याचं वाद्यांचं दुकान होतं. १९६२ च्या सुमारास त्याच्या माणसांनी फेंडरचा 'बासमन' हा ॲम्प्लिफायर समोर ठेवून स्वतःचा बनवला. बासमन मुळात बेस गिटारसाठी होता. मार्शलच्या माणसांनी त्याला मागून बंद असलेली, सेलेस्टियनच्या चार बारा इंची स्पीकरांची कपाटाएवढी पेटी जोडली. सर्किट जवळपास तेच, पण पेटी आणि स्पीकर बदलले आणि आवाज ओळखू येईना इतका वेगळा झाला. 'किंक्स' या बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर १९६४ च्या एका गाण्यासाठी छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदच ब्लेडने चिरला. त्याला तो फाटका आवाजच हवा होता. सांगायचं एवढंच की गिटारचा स्पीकर हा वाद्याचाच भाग होता. सतारीचा भोपळा काढून घेतला तर जे होईल, तेच गिटारचा स्पीकर काढून घेतला तर होतं.

आता दुसरा बदल, दोन बाजूंचा.

१९३१ मध्ये इंग्लंडच्या ईएमआय कंपनीतल्या ॲलन ब्लुमलाइनने एक पेटंट अर्ज केला. कानाला दिशा कशी कळते आणि ती दोन वाहिन्यांतून पुन्हा कशी उभी करायची, हे त्यात होतं. असं सांगतात की सिनेमा बघताना पडद्यावरचा नट एका टोकाला आणि आवाज भलत्याच ठिकाणाहून, याचा त्याला वैताग आला होता. दोन वर्षांनी, एप्रिल १९३३ मध्ये, बेल प्रयोगशाळेच्या हार्वी फ्लेचर आणि मंडळींनी फिलाडेल्फियातला वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात तीन वाहिन्यांतून ऐकवला. तिथे स्टेजवर एकही वादक नव्हता. स्टोकोव्स्की हा वाद्यवृंदाचा नामवंत संचालक वॉशिंग्टनमध्ये बसून आवाजाची बटणं फिरवत होता. ब्लुमलाइन मात्र दुसऱ्या महायुद्धात रडारच्या चाचणीच्या वेळी विमान अपघातात गेला, १९४२ साली. दुकानात स्टीरिओ तबकड्या दिसायला १९५८ उजाडलं.

आणि तरीही लोक मोनोच ऐकत राहिले. आपला मीडियम वेव्हचा रेडिओ मोनो, पानाच्या टपरीवरचा ट्रान्झिस्टर मोनो, मंडळाचा भोंगा तर मोनोच. गिटारच्या दोन बाजूंची एक गाजलेली पेटी आली ती १९७५ मध्ये. जपानच्या रोलंड कंपनीने 'जेसी-१२०' हा जाझ कोरस ॲम्प्लिफायर आणला. एका पेटीत साठ-साठ वॉटचे दोन ॲम्प्लिफायर आणि दोन बारा इंची स्पीकर. (याच वर्षी आपल्याकडे 'शोले'ची सत्तर मिलिमीटरची स्टीरिओ प्रिंट गाजली. योगायोगच, पण मला आवडणारा.) युक्ती साधी होती. एका स्पीकरमधून गिटारचा सरळ आवाज, दुसऱ्यातून तोच आवाज सुरात किंचित वरखाली डुलणारा. दोन्ही खोलीच्या हवेत मिसळतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की दोन-तीन गिटारी एकदम वाजताहेत. आतल्या तारांमध्ये कुठेच मिश्रण होत नाही, ते बाहेर हवेत होतं. यातला एक स्पीकर बंद केला तर काय उरतं, ते मी मंडपात सिद्ध करून दाखवलं.

पुढच्या काळात हे सगळं एका डब्यात शिरलं. 'बॉस्टन' बँडचा टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. त्याने १९८२ मध्ये 'रॉकमन' काढला. कमरेला लावायचा डबा आणि कानाला हेडफोन. पण हेडफोन प्रामाणिक असतो, तो चिरचिर अडवत नाही. म्हणून शोल्झने दमलेल्या स्पीकरची नक्कल करणारं सर्किटच डब्यात बसवलं. १९८९ चा 'सॅन्सॲम्प' त्याच वाटेने गेला. १९९८ मध्ये लाइन सिक्सचा राजम्याच्या आकाराचा लाल 'पॉड' आला आणि ही नक्कल संगणकाच्या चिपवर होऊ लागली. आजचे प्रोसेसर याहून पुढचे. खऱ्या पेटीसमोर मायक्रोफोन ठेवून तिच्या आवाजाचा ठसा घेतात आणि तो ठसा तुमच्या गिटारवर उमटवतात. कपाटाएवढी ती पेटी आता फाइल झालीय.

म्हणजे बघा, सरांच्या काळात डबा साधा होता आणि आवाजाचा स्वभाव स्पीकरमध्ये होता. आता स्वभाव डब्यात गेलाय, आणि स्पीकरने फक्त दिलेलं खरंखरं बाहेर टाकायचं. पॉवर्ड स्पीकर असा निरोप्या असतो. एक मोठा शंकू, वरच्या पट्टीसाठी एक छोटा भोंगा, आत ॲम्प्लिफायर. त्यामुळे एकट्या पॉवर्ड स्पीकरला प्रोसेसर लावताना पेटीची नक्कल, मेनूत जिला 'कॅब' म्हणतात, ती चालू हवी. बंद असेल तर फाटका आवाज काचेवर अडकलेल्या माशीसारखा भुणभुणतो. उलट गिटारच्या खऱ्या ॲम्प्लिफायरला लावताना ती बंद हवी, नाहीतर नकलेवर नक्कल होऊन आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं. स्पीकर वाईट आहे म्हणून शिव्या देणारे निम्मे वादक इथेच चुकलेले असतात. मीही दिल्यात.

आता त्या तिरप्या रेघेकडे येतो. बऱ्याच प्रोसेसरांत उजव्या भोकाच्या आत एक बारीक पत्ती असते. उजवीकडे काही लावलं नसेल तर ती पत्ती मिटलेली राहते आणि दोन्ही बाजूंची बेरीज डावीकडून बाहेर येते. तेच 'लेफ्ट, तिरपी रेघ, मोनो'. उजवीकडे पिन शिरली की पत्ती उघडते, यंत्र समजतं की स्टीरिओ जोडलंय, आणि डावीकडून फक्त डावी बाजू जाते. त्या वायरीचं दुसरं टोक स्पीकरला आहे की स्टेजमागे धूळ खातंय, हे यंत्राला कळायचा मार्ग नाही. ते लोंबकळतं टोक काढलं असतं तर माझा अंतरा वाजला असता. काही यंत्रांत पत्ती नसते, तिथे मेनूत जाऊन मोनो निवडावं लागतं.

काकांनी नंतर सुचवलं होतं की दोन्ही वायरी एका वाय-जोडाने एकत्र करून स्पीकरमध्ये घालू. हे करू नका. वाय-जोड एका आवाजाचे दोन फाटे करायला असतो. दोन आवाज त्यात उलटे कोंबले की दोन्ही आउटपुट एकमेकांना ढकलत बसतात आणि आवाज बारीक, फाटका होतो. दोन्ही हवेतच असतील तर छोट्या मिक्सरच्या दोन चॅनेलवर घ्या.

बेरजेतही एक खोच आहे. काही कोरस इफेक्ट डावीकडे मूळ आवाजात डुलणारा आवाज मिळवतात आणि उजवीकडे तोच वजा करतात. हेडफोनवर फार रुंद वाटतं. पण एकाच स्पीकरसाठी बेरीज केली की अधिक आणि वजा कटतात आणि कोरस गायब. म्हणून एकच स्पीकर मिळणार हे माहीत असेल तर घरीच एका स्पीकरवर आवाज तयार करा, हेडफोनवर नको.

आणि जमलं तर मोठ्या आवाजात करा. त्याच फ्लेचरने मन्सन या सहकाऱ्याबरोबर १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, टोकाचा वरचा भागही. घरी रात्री शेजारी उठू नयेत म्हणून हळू आवाजात आपण खर्ज वाढवतो, आणि मंडपात तोच खर्ज घुमून सगळं बुडवतो.

बाकी दोन बारीक गोष्टी. स्पीकरच्या मागे 'माइक' आणि 'लाइन' असं बटण असेल तर प्रोसेसरसाठी लाइन. माइकवर ठेवलंत तर आवाज आत शिरतानाच फाटेल, आणि ते फाटणं गोड नसतं. चालू करताना स्पीकर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, म्हणजे धाडकन आवाज होऊन कुणाचं बाळ उठणार नाही.

त्या फजितीनंतर पंधरा दिवसांनी मी एक स्पीकर रिक्षात घालून सरांच्या घरी गेलो. त्यांनी तो जुन्या रेडिओच्या जागी, कोनाड्यासमोरच्या स्टुलावर ठेवायला लावला. मी डावी-उजवी काढून टाकली होती, मुखडा आणि अंतरा दोन्ही मधोमध. एकच वायर, उजवं भोक मोकळं, कॅब चालू, हेडफोन घरीच. सरांनी स्वतः वायर हातात घेऊन दोन्ही टोकं तपासली, मग डोळे मिटले.

अंतरा पूर्ण झाला. काकू स्वयंपाकघरातून दारात येऊन उभ्या होत्या. सरांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आता आला ऐकू. तिसऱ्या ओळीत घाई करतोस. पुन्हा घे."